तांदळाच्या पिठाला गहू बनवू नका

सीलिएक आजाराचे निदान झाले की डॉक्टरांचा आदेश थोडक्यात असतो : गहू, जव आणि राय कायमचे बंद. (राय हे युरोपातले धान्य, फोडणीतल्या राईला या यादीत ओढायचे कारण नाही.) मराठी घरात त्यावर पहिला प्रश्न पोळीचा येतो आणि उत्तरही हाताशी असते, तांदळाचे पीठ. ते डब्यात असतेच, फार महाग नसते आणि कोणाला बाधत नाही अशी त्याची ख्याती असते. बाजारात मिळणाऱ्या ग्लुटेनमुक्त बिस्किटांच्या आणि केकमिश्रणांच्या पुड्यांवरची घटकांची यादी वाचली तर तिथेही हे पीठ बरेचदा पहिल्या काही नावांतच सापडते. सुरक्षिततेपुरते हे उत्तर बरोबर आहे. पण त्यातून न बोलता एक पुढचा निष्कर्ष काढला जातो, की पोळी, पाव, बिस्कीट, केक यांची रिकामी झालेली प्रत्येक जागा याच एका पिठाने भरायची. तो निष्कर्ष चुकीचा आहे. पांढऱ्या तांदळाच्या पिठाचे जे पदार्थ स्वतःच्या गुणावर उभे राहतात ते खुशाल खावेत. त्याच्याकडून गव्हाची नक्कल करून घ्यायला गेलो की चवही जाते आणि पोषणही.

गव्हाच्या पिठात पाणी घालून मळले की ग्लायडिन आणि ग्लुटेनिन या प्रथिनांचे एक लवचिक जाळे तयार होते, तेच ग्लुटेन. ग्लायडिनमध्ये प्रोलिन आणि ग्लुटामिन ही अमिनो आम्ले इतक्या दाटीने असतात की आपले पाचकरस त्याचे पुरते तुकडे करू शकत नाहीत. बहुतेकांच्या बाबतीत हे अर्धवट तुकडे निमूट पुढे जातात. एचएलए-डीक्यू२ किंवा डीक्यू८ ही आनुवंशिक खूण असलेल्यांपैकी काहींची प्रतिकारशक्ती मात्र त्यांच्यावर तुटून पडते, आणि त्या धुमश्चक्रीत लहान आतड्याच्या अस्तरावरचे अन्नरस शोषणारे सूक्ष्म अंकुर झिजून सपाट होतात. यात दोष गव्हाचा आहे असा संशय विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञाला १९३०च्या दशकातच आला होता. १९४४-४५च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये अन्नाचा दुष्काळ पडला, पाव मिळेनासा झाला, तेव्हा ही आजारी मुले बिघडण्याऐवजी सुधारली आणि पाव परत आल्यावर पुन्हा खालावली, हे निरीक्षण त्याच्या संशयाला पुष्टी देणारे ठरले. १९५०मध्ये त्याने हा विषय प्रबंधातून मांडला आणि १९५२मध्ये इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या गटाने नेमके बोट ग्लुटेनवर ठेवले.

भारतातली स्थिती जरा चक्रावून टाकणारी आहे. २०१६मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत रक्तात सीलिएकची प्रतिपिंडे असणाऱ्यांचे प्रमाण उत्तर भारतात १.२३ टक्के, ईशान्येत ०.८७ टक्के आणि दक्षिणेत ०.१० टक्के आढळले. आनुवंशिक खूण तिन्हीकडे साधारण सारख्याच प्रमाणात होती. गव्हाचा रोजचा खप मात्र उत्तरेत माणशी सुमारे ४५५ ग्रॅम, तर दक्षिणेत २५ ग्रॅम होता. भात खाणारे वाचले, असा सोपा अर्थ यातून काढायचा मोह होतो. पण ईशान्येत गहू केवळ ३७ ग्रॅमच खाल्ला जात होता आणि तरीही तिथले प्रमाण उत्तरेच्या जवळ जाणारे निघाले, त्यामुळे हिशेब इतका सरळ नाही. आपल्यापुरते एवढे खरे, की मराठी मुलखात पोळी, भाकरी आणि भात तिन्ही एकाच ताटात येतात. गहू सोडावा लागला तर त्याची जागा घ्यायला इथे एक सोडून चार धान्ये उभी आहेत. अडचण तेव्हा होते, जेव्हा आपण धान्य शोधायचे सोडून गव्हाचा तोतया शोधू लागतो.

तांदळातही प्रथिने असतात, शंभर ग्रॅममागे सहा ते आठ ग्रॅम. पण त्यांची घडण वेगळी असल्यामुळे सीलिएकच्या रुग्णाची प्रतिकारशक्ती त्यांना पाहून खवळत नाही, आणि त्याच वेगळ्या घडणीमुळे पाणी घालून कितीही मळले तरी त्यांचे जाळे बनत नाही. इंद्रायणीचा भात बोटांना चिकटतो, तो स्टार्चमुळे. चिकट तांदूळही ग्लुटेनमुक्तच असतो. म्हणजे जो गुण तांदळाच्या पिठाला रुग्णासाठी निर्धोक करतो, तोच त्याला पोळीसाठी निरुपयोगी करतो. थंड पाण्यात भिजवलेले तांदळाचे पीठ लाटायला घ्या, कडेला चिरा पडतील, उचलताना तुटेल. त्याला बांधायचे तर प्रथिनाचा भरवसा सोडून स्टार्चला कामाला लावावे लागते. तांदळाच्या स्टार्चचे कण साधारण ६० ते ८० अंश सेल्सिअसच्या दरम्यान, जातीनुसार थोडे अलीकडे-पलीकडे, पाणी पिऊन फुगतात आणि फुटतात. आतला अमायलोज बाहेर येतो आणि सगळ्याला एकत्र धरणारा लगदा तयार होतो. किनारपट्टीच्या स्वयंपाकघरांत हे शास्त्र कोणी लिहून ठेवले नाही, पण पाळले मात्र काटेकोरपणे. पाण्याला आधण आले की त्यात पीठ वैरायचे, झाकण ठेवून वाफ आणायची, आणि गरम असतानाच तेलापाण्याच्या हाताने मळून घ्यायचे. ही उकड म्हणजे अर्धा स्टार्च आधीच शिजवून त्याचे बंधक बनवणे आहे. भाकरी थापताना फाटत नाही आणि मोदकाची पारी कळ्या पाडताना तुटत नाही ती यामुळे. मोदकासाठी तांदूळ धुऊन, सावलीत सुकवून मग दळायचे, या आग्रहातही तथ्य आहे. भिजलेला दाणा नरम पडतो, दळताना त्यातल्या स्टार्चच्या कणांची मोडतोड कमी होते आणि पीठ मऊसूत निघते. घावनात याच्या उलट वाट धरलेली दिसते : पीठ ताकाइतके पातळ करायचे, तापलेल्या बिडाच्या तव्यावर ओतायचे आणि शिजवण्याचे सारे काम तिथेच भरपूर पाण्यानिशी होऊ द्यायचे. पळणारी वाफ वाट काढते, तीच घावनाची जाळी.

पाव फुगतो तो ग्लुटेनच्या जाळ्यात वायू अडकल्यामुळे. तांदळाच्या पिठाला हे जमत नाही म्हणून आधुनिक बेकरी झँथन गम घालते किंवा इसबगोलाचा भुसा घालते, आणि त्याने बऱ्यापैकी काम होते. पण आंबोळी, इडली, डोसा या पदार्थांनी हा प्रश्न फार आधी वेगळ्याच रीतीने सोडवला होता. तांदळाला उडदाची जोड दिली. उडदातली प्रथिने आणि त्याचा बुळबुळीत चिकटा आंबवणाऱ्या जिवाणूंनी सोडलेला वायू धरून ठेवतात. चमचाभर मेथी घातली की तिचाही डिंकासारखा गुण मदतीला येतो. शिवाय तांदळात लायसिन हे अमिनो आम्ल कमी, उडदात ते भरपूर. उडदात मिथिओनिन कमी, ते तांदूळ पुरवतो. म्हणजे वायू अडकवण्यासाठी केलेल्या युक्तीने प्रथिनाचा दर्जाही सुधारला. झँथन गम घातलेल्या पावात वायू अडकतो, दर्जा होता तिथेच राहतो. या पदार्थांपैकी कोणीही पावासारखे दिसायचा प्रयत्न केलेला नाही, हे मला महत्त्वाचे वाटते. पानगी, शिरवाळे, पातोळ्या, अनारसे, तांदळाची भाकरी, यांत गहू घातला असता तर उलट ते बिघडले असते.

आता नक्कल करायला गेल्यावर काय होते ते पाहू. तांदळाच्या पिठाचा केक रवाळ आणि कोरडा लागतो, म्हणून त्यात लोणी आणि साखर वाढते. पाव चुरा होऊन पडतो, म्हणून टॅपिओकाचा किंवा बटाट्याचा नुसता स्टार्च मिसळला जातो. मुळात कमी असलेले प्रथिन आणि तंतू त्यामुळे आणखी पातळ होतात. अमायलोज थंड होताना पुन्हा आवळून बसतो, म्हणून तांदळाच्या पिठाची भाकरी काही तासांत कडक होते आणि पाव दुसऱ्या दिवशी शिळा लागतो; भाकरी गरम गरम खायची ही रीत त्यावरचा उपाय आहे, पण दुकानातल्या फळीवर आठवडाभर बसणाऱ्या पावाला ती सोय नाही, तिथे आणखी काहीतरी मिसळावे लागते. एवढे सगळे करून जे हाती येते ते गव्हाच्या पावाशी तुलनेत हरतेच, आणि किंमत मात्र कितीतरी जास्त. ब्रिटनमध्ये तर आणखी एक गफलत होते. तिथे गव्हाच्या पांढऱ्या पिठात कॅल्शियम, लोह, थायमिन आणि नायसिन मिसळणे कायद्याने सक्तीचे आहे. तांदळाच्या पिठाला ती सक्ती नाही. तिथल्या मराठी कुटुंबाने साध्या पावाऐवजी तांदळाच्या पिठाचा पाव आणला, की वर्षानुवर्षे नकळत मिळणारी ही भर तितकीच नकळत बंद होते.

पोषणाचा मुद्दा सीलिएकच्या रुग्णाला इतरांपेक्षा जास्त का भिडतो, हे नीट समजून घ्यायला हवे. आजाराचा सर्वांत मोठा घाव लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागावर बसतो आणि लोह मुख्यतः तिथेच शोषले जाते. त्यामुळे रुग्ण निदानापर्यंत पोचतो तेव्हा पुष्कळदा रक्तक्षयी असतो, हाडांतले कॅल्शियम उतरलेले असते, फॉलेट कमी असते. कित्येकांच्या निदानाची सुरुवातच मुळी गोळ्या घेऊनही हटत नसलेल्या रक्तक्षयापासून होते. अशा माणसाच्या रिकाम्या कोठारात आपण काय भरतो? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७मध्ये प्रसिद्ध केलेल्या अन्नघटकांच्या कोष्टकांत शंभर ग्रॅम पॉलिश तांदळात लोह एक मिलिग्रॅमही भरत नाही. कणकेत ते चार मिलिग्रॅमच्या आसपास, ज्वारीत जवळपास तितकेच आणि बाजरीत सहाच्या वर आहे. कॅल्शियम तांदळात आठ मिलिग्रॅमच्या आत, नाचणीत साडेतीनशेच्या पुढे. तंतू तांदळात तीन ग्रॅमच्या आत, आणि ज्वारी, बाजरी, नाचणीत दहा-अकरा ग्रॅम. पोळी काढून तिथे पांढऱ्या तांदळाच्या पिठाचा पदार्थ ठेवला तर लोह आणि तंतू जवळजवळ संपतात. ज्वारी-बाजरीची भाकरी ठेवली तर पोळीच्या तुलनेत फारसे काही गमावले जात नाही. शिवाय पांढऱ्या तांदळाचे पीठ लवकर पचते आणि रक्तातली साखर झपाट्याने वाढवते. टाइप १ मधुमेह असलेल्यांत सीलिएक इतरांपेक्षा अधिक आढळतो, त्यांना तर हा प्रश्न दुहेरी आहे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे : कोकणात, गोव्यात, बंगालात माणसे पिढ्यान् पिढ्या तांदळावर जगली, त्यांचे काय बिघडले? दोन गोष्टी विसरल्या जातात. तो तांदूळ पुष्कळ अंशी हातसडीचा किंवा उकडा असे, आणि उकड्या तांदळात भात उकडताना कोंड्यातली काही जीवनसत्त्वे दाण्याच्या आत उतरतात. दुसरे म्हणजे तो तांदूळ मासळी, कुळीथ, भाजी, नारळ यांच्या संगतीत खाल्ला जात होता. संगत सुटली आणि दाणा गिरणीतून चकचकीत होऊन आला तेव्हा काय झाले, त्याची नोंद वैद्यकाच्या इतिहासात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जावा बेटावर क्रिस्तियान आयकमन याने पॉलिश तांदळावर पोसलेल्या कोंबड्यांत बेरीबेरीसारखा आजार पाहिला. कोंड्यासकटचा तांदूळ दिल्यावर त्या बऱ्या झाल्या. या कामासाठी १९२९मध्ये त्याला नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. आजचा संमिश्र आहार घेणाऱ्याला बेरीबेरी होईल असे सुचवायचे नाही. पण ‘तांदळावर माणसे जगली’ या विधानातला तांदूळ आणि आजच्या पुडीतले पीठ एकच धरता येत नाही.

मग तपकिरी, कोंड्यासकटच्या तांदळाचे पीठ वापरावे, असा दुसरा आक्षेप येतो. तो अर्धा मान्य. तंतू आणि ब जीवनसत्त्वे त्यात निश्चितच जास्त असतात. पण कोंड्यातल्या तेलामुळे ते लवकर खवट होते, म्हणून थोडे थोडे दळून फ्रिजमध्ये ठेवावे लागते. आणि एक गोष्ट त्यात पांढऱ्यापेक्षा वाईट असते, आर्सेनिक. भातखाचरात पाणी साचून राहिले की मातीतला आर्सेनिक विरघळून मुळांच्या हाती लागतो आणि भाताचे रोप इतर धान्यांपेक्षा तो अधिक ओढून घेते. तो कोंड्यात जास्त साचतो. म्हणूनच कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानक संस्थेने असेंद्रिय आर्सेनिकची कमाल मर्यादा पॉलिश तांदळासाठी किलोमागे ०.२ मिलिग्रॅम, तर कोंड्यासकटच्या तांदळासाठी ०.३५ मिलिग्रॅम ठेवली आहे. अमेरिकेत २०१७मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ग्लुटेनमुक्त आहार घेणाऱ्यांच्या लघवीतला आर्सेनिक इतरांच्या दीडपट आढळला, १२.१ विरुद्ध ७.८ मायक्रोग्रॅम प्रति लिटर. सात हजारांवर माणसांच्या त्या पाहणीत ग्लुटेनमुक्त आहार घेणारे ७३च होते, आणि आर्सेनिक वाढला म्हणून कोणी आजारी पडले असे त्यात दाखवलेले नाही, तेव्हा घाबरून जाण्यात अर्थ नाही. दिशा मात्र कळते. भात भरपूर पाण्यात शिजवून पाणी निथळले तर आर्सेनिकचा बराच भाग पाण्याबरोबर जातो. पिठाच्या पदार्थात ही पळवाट नाही, जे आहे ते सगळे पोटात. तांदूळ, मग तो कोणत्याही रंगाचा असो, सकाळ-संध्याकाळ एकटाच खाऊ नये, यासाठी हे एक कारण पुरेसे आहे.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. शाळेत जाणाऱ्या मुलाला वाढदिवसाचा केक हवा असतो, मित्रांच्या डब्यातल्यासारखी पोळी हवी असते. त्याला नाचणीचे कॅल्शियम सांगून उपयोग नाही. खरे आहे. आहार आयुष्यभर पाळायचा तर तो मनालाही पटला पाहिजे, आणि सणावारी तांदळाच्या पिठाचा केक केल्याने कोणाचे नुकसान होत नाही. माझा विरोध रोजच्या नकलेला आहे. शिवाय एका काळात पांढऱ्या तांदळाचेच पीठ सर्वांत चांगले ठरते : निदानानंतरचे पहिले काही आठवडे. आतडे सोललेले असते, तंतूंनी पोट फुगते, दूधही पुष्कळदा तात्पुरते पचेनासे होते. तेव्हा पेज, मऊ उकड, जाळीदार घावन यांच्याइतके सोसवणारे अन्न दुसरे नाही. आतडे सावरू लागले की ज्वारी, नाचणी, बाजरी, वरी, राजगिरा हळूहळू आणावेत आणि तांदळाच्या पिठाने त्यांच्या रांगेत आपली जागा घ्यावी. ज्वारीच्या पिठात थोडे तांदळाचे पीठ मिसळून गरम पाण्यात उकड काढली तर भाकरी सुटसुटीत थापता येते. बांधायचे काम तांदळाने करावे, पोसायचे ज्वारीने.

सीलिएक नसताना, वजन उतरावे किंवा कांती सुधारावी म्हणून गहू सोडणाऱ्यांसाठी फार शब्द खर्च करायला नकोत. कणकेच्या पोळीऐवजी पांढऱ्या तांदळाच्या पिठाचे पदार्थ खाल्ल्याने त्यांना तोटाच होईल. आजाराची शंका असेल तर आधी रक्ततपासणी करावी आणि मगच गहू सोडावा. गहू बंद केल्यावर रक्तातली प्रतिपिंडे उतरतात आणि निदान हुकते. खपली गहू चालतो, हा समजही इथेच पुसून टाकावा. खपली गहूच आहे आणि त्यात ग्लुटेन आहे.

राहिली गिरणी. गव्हाच्या पिठात शंभर ग्रॅममागे ढोबळमानाने आठ ग्रॅम ग्लुटेन असते, आणि सीलिएकच्या बहुतेक रुग्णांना दिवसाला दहा मिलिग्रॅमच्या आत ठेवणे बरे मानले जाते. म्हणजे दिवसभरात ग्रॅमचा आठवा हिस्सा कणीकही मर्यादेला पोचते. भारतीय नियमांनुसार ‘ग्लुटेनमुक्त’ म्हणवणाऱ्या पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन असता कामा नये. कोपऱ्यावरच्या गिरणीत आधीच्या दळणाची २५ ग्रॅम कणीक जात्यात राहिली आणि तुमच्या पाच किलो तांदळाच्या पिठात उतरली, तर किलोमागे ४०० मिलिग्रॅम ग्लुटेन आले, मर्यादेच्या वीसपट. पिठाच्या रंगावरून ते ओळखूही येणार नाही. त्या पिठाची भाकरी बांधानी हिंगाची फोडणी दिलेल्या आमटीबरोबर खाल्ली, तर हिंगात बहुधा मैदा असतो, तो वेगळाच. मेतकूट आणि भाजणी यांतही गहू असू शकतो. तेव्हा घरात सीलिएकचा रुग्ण असेल तर एक छोटी घरघंटी घ्या, तांदूळ, ज्वारी, बाजरी आणि नाचणी निवडून तिच्यातच दळा, आणि गव्हाचा एक दाणाही तिच्यात पडू देऊ नका.